सोलापूरचे दिनमान: अक्षांश, सावली आणि ज्वारी

दाते पंचांग सोलापूरहून निघते. शंभर वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राच्या घराघरांत देवघराजवळच्या खिळ्याला टांगलेले असते. एकादशी कधी, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, लग्नाचा मुहूर्त कोणता, एवढे पाहून आपण ते पुन्हा खिळ्याला अडकवतो. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळांकडे नजर क्वचितच वळते. पण एखाद्या निवांत दुपारी आषाढापासून पौषापर्यंतच्या त्या वेळा ओळीने वाचून पाहाव्यात. दिवस हळूहळू आकसत जातो, पौषात अगदी लहान होतो आणि तिथून पुन्हा वाढू लागतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या या काळाला पंचांगात दिनमान म्हणतात. प्रत्येक गावाचे दिनमान त्याच्या अक्षांशावर ठरते.

सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १७ अंश ४० कलांवर आहे. २१ जूनला इथे सूर्य पहाटे ५ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी ७ वाजून गेल्यावर मावळतो. दिवस भरतो सुमारे १३ तास ११ मिनिटांचा. २१ डिसेंबरला सूर्य ६ वाजून ५२ मिनिटांनी उगवून ५ वाजून ५७ मिनिटांच्या आसपास मावळतो, म्हणजे दिवस साधारण ११ तास ५ मिनिटांचा. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसांत फरक दोन तासांच्या थोडा वर. ज्या देशांत उन्हाळ्यातला दिवस सतरा-अठरा तासांचा असतो, तिथल्या माणसाला हा फरक नगण्य वाटेल. सोलापूरच्या रानाला, सणांना आणि पिकांना मात्र तो पुरेपूर जाणवतो.

कललेला आस

पृथ्वीचा आस तिच्या कक्षेच्या पातळीशी काटकोनात उभा नाही, तो सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. वर्षभर पृथ्वी सूर्याभोवती फिरते, पण हा कल एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तर ध्रुव सूर्याकडे झुकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये तो सूर्यापासून दूर गेलेला असतो. दिवसाच्या लांबीतला सारा फेरफार या एका गोष्टीतून येतो.

हे हातात घेऊन पाहायचे तर सांगोल्याचे एक गोल डाळिंब घ्यावे. मुकुटापासून देठापर्यंत विणकामाची सुई आरपार घालावी आणि शाईने त्याच्यावर तीन आडवी वर्तुळे काढावीत. पहिले बरोबर मधोमध, हे विषुववृत्त. दुसरे मध्यापासून मुकुटाकडे जाताना पाचव्या हिश्श्यावर, हे सोलापूरचे. तिसरे मुकुटाला अगदी लागून. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावावा आणि सुई थोडी तिरपी करून मुकुट दिव्याकडे झुकवावा. डाळिंबाचा अर्धा भाग उजळतो आणि अर्धा काळोखात राहतो. आता तिन्ही वर्तुळे पाहावीत. मधल्या वर्तुळाचे उजेड आणि अंधार असे दोन समान तुकडे झालेले दिसतील, सुई कितीही कलवली तरी. सोलापूरच्या वर्तुळाचा उजेडातला तुकडा अंधारातल्या तुकड्यापेक्षा थोडा मोठा दिसेल. मुकुटाजवळचे वर्तुळ मात्र सगळेच्या सगळे उजेडात असेल. एखाद्या वर्तुळावर शाईचा ठिपका काढून सुई फिरवली की तो ठिपका वर्तुळाबरोबर फिरतो. उजेडातल्या तुकड्यावर तो जितका वेळ असतो तितका दिवस, आणि अंधारातल्या तुकड्यावर जितका वेळ तितकी रात्र.

आता हेच खऱ्या मापाने पाहू. सोलापुरातून जाणारे अक्षवृत्त सुमारे ३८,२०० किलोमीटर लांबीचे आहे. पृथ्वीच्या परिवलनाबरोबर सोलापूर ताशी जवळपास १,५९० किलोमीटर वेगाने त्यावरून फिरते आणि चोवीस तासांत एक फेरी पुरी करते. २१ जूनला या वर्तुळाचा सुमारे २०,८०० किलोमीटरचा भाग उजेडात असतो आणि १७,४०० किलोमीटरचा अंधारात. २१ डिसेंबरला हेच आकडे उलटतात.

उत्तरेला जावे तसा हा फरक वाढत जातो, आणि तो सारख्या पावलांनी वाढत नाही. दहाव्या अंशावर वर्षातला सर्वांत मोठा दिवस बारा तासांहून साधारण ३५ मिनिटांनी मोठा असतो. विसाव्या अंशावर सव्वा तासाने, चाळिसाव्या अंशावर पावणेतीन तासांहून थोडा जास्त, आणि साठाव्या अंशावर तब्बल साडेसहा तासांनी. साडेसहासष्ट अंशांवर तर सूर्य त्या दिवशी मावळतच नाही.

वर्षभराच्या उजेडाची बेरीज केली तर ती सगळीकडे जवळपास सारखीच भरते. ध्रुवाजवळच्या माणसालाही वर्षाचा निम्मा काळ सूर्य क्षितिजावर दिसतो आणि कन्याकुमारीच्या माणसालाही. अक्षांश त्या उजेडाची वाटणी ठरवतो. कन्याकुमारीला तो वर्षभर जवळजवळ समान मिळतो: सर्वांत मोठा दिवस साडेबारा तासांच्या किंचित वर आणि सर्वांत लहान साडेअकराच्या किंचित वर. श्रीनगरला तो उन्हाळ्यात भरभरून मिळतो, जवळपास साडेचौदा तास, आणि थंडीत हात आखडतो, दहा तासांहूनही कमी. सोलापूर या दोन टोकांच्या मध्ये आहे, कन्याकुमारीच्या बाजूला झुकलेले.

शाळेत आपण शिकलो की २१ मार्च आणि २३ सप्टेंबरला दिवस आणि रात्र समान असतात. प्रत्यक्षात त्या दिवशी सोलापुरातला दिवस रात्रीपेक्षा मोठा असतो, सुमारे १२ तास ७ मिनिटांचा. याची कारणे दोन. सूर्योदय आपण सूर्याची वरची कड दिसताच धरतो, त्याचे मध्यबिंब क्षितिजावर येण्याची वाट पाहत नाही. शिवाय हवेमुळे प्रकाशकिरण वाकतात, म्हणून सूर्य क्षितिजाखाली असतानाच आपल्याला दिसू लागतो. त्यामुळे सोलापुरात दिवस-रात्र खरोखर समान होतात ती मार्चमध्ये विषुवदिनाच्या आठवडाभर आधी आणि सप्टेंबरमध्ये आठवडाभर नंतर.

एका रेषेवरची गावे

सातारा, पंढरपूर, सोलापूर आणि विशाखापट्टणम ही चारही गावे जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. म्हणून वर्षातल्या कोणत्याही दिवशी या चारही गावांचे दिनमान सारखेच असते. घड्याळ मात्र वेगळे सांगते. विशाखापट्टणमला सूर्य साताऱ्यापेक्षा सुमारे ३७ मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. साऱ्या भारतात घड्याळ एकच चालते, ते साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचे. त्या रेषेपासून प्रत्येक अंश पश्चिमेला गेले की सूर्य चार मिनिटे उशिरा येतो. दिवस किती लांब हे अक्षांश सांगतो, तो घड्याळात किती वाजता सुरू होईल हे रेखांश सांगतो. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

नागपूरच्या उदाहरणाने ही गल्लत सुटते. नागपूर सोलापूरच्या साडेतीन अंश उत्तरेला आहे, म्हणून २१ जूनला तिथला दिवस सोलापूरपेक्षा जवळपास १४ मिनिटांनी मोठा असतो. तरी सूर्य तिथे सात वाजायच्या आतच मावळतो, सोलापूरच्या आधी. सोलापूरच्या पाहुण्याला वाटते की नागपुरात दिवस लवकर संपला. खरे तर तो साडेपाचलाच उगवलेला असतो. नागपूर पूर्वेला असल्यामुळे सगळा दिवसच घड्याळात अलीकडे सरकलेला असतो. डिसेंबरमध्ये मात्र नागपूरचा दिवस सोलापूरपेक्षा तितक्याच मिनिटांनी लहान होतो.

पंढरपूरच्या दोन मोठ्या वाऱ्यांतही दिनमानाचा फरक दिसतो. आषाढीची वारी वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसांच्या काळात येते. आळंदी-देहूहून निघालेल्या पालख्यांबरोबर चालणाऱ्या वारकऱ्याला रोज तेरा तासांचा उजेड मिळतो, ढगाआडून का असेना. कार्तिकीला येणाऱ्या वारकऱ्याला नोव्हेंबरमध्ये साडेअकरा तासांहूनही कमी उजेड मिळतो. त्याच चंद्रभागेच्या वाळवंटात कार्तिकीला दिवेलागण आषाढीपेक्षा तासाभराहून अधिक आधी होते.

दिवेलागणीचाही अक्षांशाशी संबंध आहे. आपल्याकडे सूर्य क्षितिजाकडे जवळजवळ सरळ खाली उतरतो. म्हणून तिन्हीसांजेचा संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत ओसरतो आणि अंधार पडतो. लंडनला जूनमध्ये सूर्य तिरका घसरत जातो, आणि तिथला संधिप्रकाश याच्या दुप्पट टिकतो.

गड्ड्याची यात्रा आणि थंडीतली पहाट

सोलापूरकरांचा वर्षाचा मोठा उत्सव म्हणजे मकर संक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होमप्रदीपन आणि शोभेचे दारूकाम. संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो असे आपल्या घरांत आजी सांगत आली आहे. हे मोजून पाहण्यासारखे आहे.

सूर्याची उत्तरेकडची वाटचाल २१ किंवा २२ डिसेंबरला सुरू होते. तेव्हापासून १४ जानेवारीपर्यंतच्या तीन-साडेतीन आठवड्यांत सोलापूरचा दिवस जेमतेम सहा मिनिटांनी वाढलेला असतो. संक्रांतीच्या दिवसांत तो रोज सुमारे अर्ध्या मिनिटाने वाढतो, आणि मार्चच्या विषुवदिनाजवळ रोज साधारण एका मिनिटाने. म्हणजे वाढ डिसेंबरअखेर सुरू झालेली असली तरी ती अंगाला जाणवू लागते संक्रांतीपासूनच. तिळातिळाने हे माप चोख आहे.

एक गोष्ट मात्र पहाटे उठणाऱ्यांना बुचकळ्यात टाकते. दिवस वाढत असूनही संक्रांतीला सकाळ डिसेंबरपेक्षा उशिरा उजाडते. २१ डिसेंबरला सूर्योदय ६.५२ च्या सुमारास, तर १४ जानेवारीला तो सातला. वाढ होते ती संध्याकाळच्या बाजूने: सूर्यास्त ५.५७ वरून ६.१० पर्यंत सरकलेला असतो. सोलापुरात सर्वांत लवकर अंधार पडतो तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, आणि सर्वांत उशिरा उजाडते ते संक्रांतीनंतरच्या आठवड्यात. वर्षातला सर्वांत लहान दिवस या दोन्हींच्या मध्ये पडतो. याचे कारण असे की सूर्याची खरी मध्यान्ह घड्याळात रोज एकाच वेळी येत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि कक्षेत वेगाने पुढे सरकते. त्यात आसाच्या कलाचा परिणाम मिसळतो, आणि डिसेंबरअखेर एका मध्यान्हीपासून दुसऱ्या मध्यान्हीपर्यंत चोवीस तासांहून सुमारे अर्धे मिनिट जास्त लागते. रोज थोडे थोडे करत सोलापूरची मध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभीच्या १२.१० पासून फेब्रुवारीत १२.४० पर्यंत पुढे जाते. तिच्याबरोबर सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही पुढे ढकलले जातात.

संक्रांत आणि खरे अयन यांच्यात आज चोवीस दिवसांचे अंतर का? संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने ठरते आणि ऋतू सूर्य-पृथ्वीच्या कलावरून. पृथ्वीचा आस अतिशय मंदगतीने दिशा बदलतो, त्यामुळे या दोन्हींमध्ये साधारण बहात्तर वर्षांत एक दिवसाचे अंतर पडते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत. ज्यांच्या नावाने ही यात्रा भरते ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात सोलापुरात होते, तेव्हा हे अंतर आजच्या साधारण निम्मे, बाराएक दिवसांचे होते.

दूरचे दिवस

लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ साली झाली. तिथल्या मराठी कुटुंबांनी नव्वदहून अधिक वर्षे वेगळ्याच दिनमानात आपले सण केले आहेत. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर आहे. जूनमध्ये तिथला दिवस १६ तास ३८ मिनिटांचा आणि डिसेंबरमध्ये ७ तास ५० मिनिटांचा. सोलापुरात दोन तासांचा असलेला फरक तिथे पावणेनऊ तासांचा होतो. नोव्हेंबरमधली दिवाळी असेल तर पणत्या लावायला संध्याकाळी पाचपर्यंतही थांबावे लागत नाही. उलट जूनमध्ये रात्री नऊ वाजता लख्ख उजेडात लहान मुलांना झोपवायचे म्हणजे जाड पडदेच लावावे लागतात.

रमजानचे रोजे सोलापुरात कोणत्याही ऋतूत आले तरी त्यांच्या लांबीत दोन तासांच्या आसपासच फरक पडतो. लंडनच्या मुसलमानांना जूनमधला रोजा अठरा तासांहून जास्त पाळावा लागतो आणि डिसेंबरमधला त्याच्या साधारण निम्माच. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला अंटार्क्टिकावर भारताचे मैत्री हे संशोधन केंद्र सत्तर अंशांच्याही पलीकडे आहे. तिथे मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर सूर्य उगवतच नाही. सुमारे दोन महिन्यांची ती रात्र तिथल्या भारतीयांना विजेच्या दिव्यांत काढावी लागते. त्याच दिवसांत सोलापूरकर तेरा तासांच्या दिवसात मृगाची वाट पाहत असतात.

ज्वारीला रात्र मोजता येते

सोलापूर जिल्ह्याचे खरे पीक रब्बी ज्वारी. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीचे कोठार म्हणून ओळखली जाते आणि तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून आजपर्यंत शेतकऱ्यांच्या पसंतीला उतरलेला आहे. भाकरी गोड, कडबा चांगला.

ही ज्वारी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरतात. त्या वेळी सोलापूरचा दिवस बारा तासांच्या आसपास असतो आणि रोज सुमारे एका मिनिटाने लहान होत असतो. पीक गुडघाभर होते तोवर दिवस साडेअकरा तासांचा झालेला असतो. मग ते पोटरीत येते आणि डिसेंबरमध्ये कणीस निसवते. याच काळात हुरड्याच्या आगट्या पेटू लागतात. ज्वारीचा हा क्रम थंडीवर आणि जमिनीतल्या ओलीवर अवलंबून असतोच, पण त्यामागे दिवसाच्या लांबीचा धागाही आहे. ज्वारी लहान दिवसाचे पीक आहे. दिवस मोठे असताना ती पाने आणि ताटे वाढवत राहते, आणि रात्र पुरेशी लांब झाल्याशिवाय कणसाकडे वळत नाही. जुने रब्बी वाण जूनमध्ये पेरले तर ते उंच वाढतात आणि निसवायला उशीर लावतात. म्हणून शाळू (रब्बी ज्वारी) हा हस्ताच्या पावसानंतरच्या पेरणीचाच.

वनस्पती दिवसाची लांबी ओळखतात हे १९२० साली गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तंबाखूवरच्या प्रयोगांतून दाखवून दिले. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांच्या प्रयोगांतून असे दिसले की रोप उजेडापेक्षा सलग अंधार मोजते. रात्रीच्या मध्यात थोडा वेळ जरी दिवा लावला तरी त्याला रात्र तुटल्यासारखी वाटते. सोयाबीनचे शेत रस्त्याच्या दिव्याला लागून असेल तर त्या कडेची झाडे बाकी शेत पिवळे पडले तरी हिरवीच राहतात, ती याचमुळे. शेवंतीचे मळे रात्री दिव्यांनी उजळून फुले हव्या त्या वेळी आणली जातात. ड्रॅगन फ्रूटच्या बागेत हिवाळ्यातल्या रात्री दिवे लावणारे शेतकरी हेच तत्त्व उलट बाजूने वापरतात.

अक्षांशाचे बळ किती आहे हे ज्वारीच्या परदेशवारीत दिसते. भारत आणि आफ्रिकेतल्या उष्ण प्रदेशांतले ज्वारीचे कित्येक वाण अमेरिकेच्या टेक्सासमध्ये नेऊन पेरले तर उन्हाळ्यातल्या लांब दिवसांत ते फक्त उंच वाढत जातात. रात्री लांब होऊन कणसे निसवायची वेळ येईपर्यंत हंगाम संपत आलेला असतो. म्हणून तिथल्या कृषी विद्यापीठाने आणि कृषी खात्याने १९६३ मध्ये एक मोठे काम हाती घेतले. या वाणांचा संकर दिवसाच्या लांबीला न जुमानणाऱ्या वाणाशी करायचा आणि पुढची पिढी टेक्सासच्या लांब दिवसांत निवडायची. पण संकरासाठी दोन्ही पिके आधी फुलावर तर आली पाहिजेत. ते साधण्यासाठी शास्त्रज्ञांनी थंडीतला हंगाम घेतला पोर्टो रिकोमधल्या मायाग्वेस इथे. मायाग्वेसचा अक्षांश सव्वाअठरा अंशांच्या जवळ, म्हणजे सोलापूरपासून जेमतेम अर्धा अंश उत्तरेला. मालदांडी ज्या दिवसांत निसवते त्याच लांबीचे दिवस शोधत ते तिथे गेले होते.

उसाचेही असेच आहे. साखर कारखान्यांचा हा जिल्हा, त्यामुळे उसाला तुरा येणे म्हणजे काय हे इथे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तुरा आला की कांड्यांची वाढ थांबते आणि ऊस बराच काळ उभा राहिला तर आतून पोकळ पडू लागतो. तुऱ्याचा इशारा उसाला दिवस साडेबारा तासांच्या आसपास उतरल्यावर मिळतो. सोलापुरात हे ऑगस्टअखेरपासून घडू लागते, तुरा डोळ्यांना दिसतो तो त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी. भारतातल्या ऊसपैदास संस्थेसाठी १९१२ मध्ये कोइमतूर निवडले गेले, त्यामागेही हेच गणित होते. अकराव्या अंशावर दिवसाची लांबी हळू बदलते, रात्री उबदार असतात, आणि उसाला भरपूर फुले येऊन बी धरते. उत्तरेत ऊस फुलावर येणे दुर्मीळ. कोइमतूरला बार्बर आणि वेंकटरमण या शास्त्रज्ञांनी तयार केलेला पहिला गाजलेला वाण म्हणजे १९१८ चा ‘को २०५’. आज आपल्या रानातल्या ‘को ८६०३२’ च्या नावातला ‘को’ हा कोइमतूरचाच.

काठीची सावली आणि गणेश दैवज्ञ

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला अक्षांश स्वतः मोजायचा कसा? त्याला दुर्बीण लागत नाही की मोबाइल. एक सरळ काठी, सपाट अंगण आणि विषुवदिनाची दुपार पुरे.

आपल्या ज्योतिषांनी बारा अंगुळांचा शंकू उभा करून विषुवदिनी भर दुपारी त्याची सावली मोजली आणि तिला पलभा म्हटले. गावाचा अक्षांश त्या सावलीत येतो. सोलापूरची पलभा सुमारे ३.८ अंगुळे आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिले आणि ग्रहगणितातून ज्या-चापांची किचकट कोष्टके काढून टाकली. सूर्योदयातला फरक काढण्याची त्यांची रीत अशी: पलभेला १०, ८ आणि ३⅓ यांनी वेगवेगळे गुणायचे. ही झाली चरखंडे, पळांत. एक पळ म्हणजे २४ सेकंद.

सोलापूरसाठी हे गणित करून पाहू. ३.८२ ला दहाने गुणले की ३८.२, आठने गुणले की ३०.६, आणि ३⅓ ने गुणले की १२.७. बेरीज ८१.५ पळे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य स्थानिक सूर्यवेळेच्या सहाच्या ठोक्याच्या इतकी पळे आधी उगवतो आणि तितकीच पळे नंतर मावळतो. म्हणून दुप्पट, १६३ पळे. तासा-मिनिटांत १ तास ५ मिनिटे. बारा तासांत ही मिळवली की दिवस १३ तास ५ मिनिटांचा येतो. हवेचा परिणाम बाजूला ठेवून आजच्या त्रिकोणमितीने काढलेले उत्तर १३ तास साडेतीन मिनिटे. पाचशे वर्षांपूर्वीच्या तीन गुणाकारांत आणि आजच्या उत्तरात दोन मिनिटांचाही फरक नाही.

ही रीत आणखी सोपी होते. १२० सेंटिमीटरची काठी घेतली तर सावलीच्या दर दहा सेंटिमीटरमागे वर्षातला सर्वांत मोठा दिवस बारा तासांहून सुमारे १७ मिनिटांनी मोठा असतो. सोलापुरात विषुवदिनी ही सावली ३८ सेंटिमीटर पडते, कोल्हापुरात ३६, नागपुरात साधारण ४६. भारतातल्या अक्षांशांसाठी हे माप चांगले जुळते. साठ अंशांच्या पलीकडे ते साथ सोडते, पण गणेश दैवज्ञांना तिकडची पंचांगे करायची नव्हती.

हीच काठी वर्षभर रोवून ठेवली तर सोलापूरचा अख्खा सूर्यमार्ग अंगणात उतरतो. २१ डिसेंबरच्या दुपारी सावली उत्तरेला एक मीटरहून थोडी जास्त, सुमारे १०५ सेंटिमीटर पडते. मग ती आखडत जाते आणि मेच्या १०-११ तारखेच्या सुमारास, दुपारी साडेबाराच्या थोडे आधी, नाहीशी होते. हा सोलापूरचा शून्य सावली दिवस. नंतर सूर्य माथ्याच्या उत्तरेला जातो आणि भर दुपारची सावली दक्षिणेला पडू लागते, जी गोष्ट कर्कवृत्तापलीकडच्या दिल्लीकरांना कधीच पाहायला मिळत नाही. २१ जूनला ही दक्षिणेची सावली बारा सेंटिमीटरची होते. ऑगस्टच्या २ तारखेच्या आसपास सूर्य पुन्हा माथ्यावर येतो, बहुतेक वेळा ढगांच्या आड.

येत्या २१ मार्चला किंवा २३ सप्टेंबरला शाळेच्या पटांगणात मुलांकडून हे करून घ्यावे. सव्वाबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करावी. सर्वांत आखूड सावली ती मध्यान्हीची. मार्चमध्ये सोलापुरात ती १२.३३ च्या सुमारास येते, सप्टेंबरमध्ये १२.१९ ला. पट्टीने सेंटिमीटर मोजावेत, दर दहाला सतरा मिनिटे धरावीत, आणि आपल्या गावच्या सर्वांत मोठ्या दिवसाचे उत्तर वहीत लिहावे. मग जूनमध्ये पंचांग उघडून ते पडताळावे. सूर्योदय-सूर्यास्ताचे आकडे पंचांगात पाच-सात मिनिटांनी जास्त भरतील. तो हवेने वाकवलेल्या किरणांचा आणि सूर्याच्या वरच्या कडेचा हिशेब आहे, हेही मुलांना तेव्हाच समजेल. भूगोलाच्या पुस्तकात पाठ केलेला अक्षांश त्यांनी स्वतःच्या अंगणात मोजलेला असेल, आणि शाळू हस्तानंतरच का पेरायचा हे त्यांच्या आजोबांना विचारण्याइतकी उत्सुकता त्यांच्यात जागी झालेली असेल.